अक्काच्या लग्नाचं स्वस्त तिकीट

ती. अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. (हे पहिल्याच ओळीत लिहायला हिने सांगितलं. पाकीट हातात पडल्यापासून ते फोडेपर्यंत तू मनातल्या मनात आम्हा सगळ्यांचं एकेक करून बरंवाईट करून टाकशील, असं तिचं म्हणणं.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? तिकडच्या उकाड्यात पाणी भरपूर पितेस ना? होणाऱ्या भाऊजींना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या भाषेत तो कसा म्हणतात ते उलट कळव, म्हणजे आत्तापासून पाठ करायला घेतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. पोट सोडून. पोटाचं असं आहे की गेला महिनाभर ते माझं ऐकत नाही. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, काळजी सोडा. काळजी सोडायचं औषध मात्र लिहून देत नाहीत.

रोज फोनवर बोलतो तरी हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. कारण एवढंच की फोनवर तू मध्ये बोलतेस. मी 'अक्का, एक सांगायचं होतं' असं म्हटलं की तू 'आधी जेवलास का ते सांग' म्हणतेस, मग जेवणावरून गाडी पोटावर, पोटावरून डॉक्टरांवर जाते आणि सांगायचं होतं ते तसंच घशात राहतं. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही. जे सांगायचं आहे ते ओघात येईलच. तू फक्त घाई करू नकोस आणि शेवट आधी वाचू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

तुझा तो फोन आला तेव्हा मी कुठे होतो हे तुला अजून धड सांगितलेलं नाही. मी एका लिफ्टच्या डोक्यावर उभा होतो. म्हणजे शब्दशः डोक्यावर. दोर तपासायचे असले की आम्हाला लिफ्टच्या टपावरच चढावं लागतं. प्रत्येक मजल्यावर दारापाशी 'काम चालू आहे' अशी पाटी लावलेली होती, पण त्या इमारतीत वर एक दातांचे डॉक्टर बसतात, आणि नुकतीच दाढ काढून निघालेल्या माणसाला पाटी वाचायची शुद्ध कुठली असणार. तो गृहस्थ आत शिरला हे मला कळलंच नाही. मी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध आणून थांबवली आणि खिशात फोन वाजला.

तू म्हणालीस, "धाकट्या, मी लग्न करतेय."

मी विचारलं, "कुणाचं?"

यात माझी काही चूक नाही अक्का. आजवर तू लग्नं केलीस ती दुसऱ्यांचीच. माझं केलंस, आत्याच्या दोन्ही मुलींची केलीस, तुझ्या तिथल्या शिवणाच्या कारखान्याच्या मालकाच्या भाचीचंसुद्धा तूच जमवलंस. साठीला आल्यावर तू स्वतःचं करशील हे एकदम कसं सुचावं? मग तू हसलीस आणि म्हणालीस, "माझं रे. सरकारी कचेरीत सही करून करायचं आहे. माझ्या बाजूनं सही करायला माझं कुणीतरी हवं. येशील ना?" मी 'येतो' म्हटलं. लगेच म्हटलं, विचार न करता. फोन ठेवल्यावर तिथेच ग्रीस लागलेल्या हातांनी डोळे पुसले आणि मग दिवसभर लोक मला 'डोळ्याला काय लागलं' म्हणून विचारत होते. मी डोळे पुसत होतो तेवढ्यात पायाखालून, म्हणजे लिफ्टच्या आतून, एक जाडजूड आवाज आला, "अफिनंदन." त्या गृहस्थाचा निम्मा जबडा बधिर होता, पण त्याने सगळं बोलणं ऐकलं होतं. तुझ्या लग्नाचं पहिलं अभिनंदन त्याचं. नाव विचारायचं राहून गेलं. कारण मी त्याला खाली सोडला तसा तो हात जोडून जो पळाला तो जिन्याकडेच पळाला, आणि तेसुद्धा तळमजल्यावर.

'येतो' म्हणून तर बसलो. मग संध्याकाळी घरी येऊन चहा पिताना लक्षात आलं की यायचं म्हणजे विमानाने यायचं.

तू म्हणशील, जन्मभर उंचावर लोंबकळत काम करणाऱ्या माणसाला विमानाची कसली भीती? अक्का, उंचीची मला भीती नाही. लिफ्टला वरून दोर असतात. एक तुटला तर दुसरा असतो, दुसरा तुटला तर तिसरा, आणि सगळेच तुटले तरी खाली दात असलेले ब्रेक असतात, ते रुळांना कचकन चावतात आणि लिफ्ट जागच्या जागी उभी राहते. हे मी स्वतः बसवतो, स्वतः तपासतो. विमानाला वरून धरलेलं काहीच नसतं. मी हे ज्याला त्याला सांगून बघितलं, पण लोकांना यात काही वावगं वाटत नाही. साहेबांना रजेचा अर्ज देतानाही मी हे बोललो. साहेब म्हणाले, "रजा भीतीसाठी हवी आहे की लग्नासाठी?" मी म्हटलं दोन्हीसाठी. त्यांनी तीन आठवडे दिले. वर म्हणाले की परत आल्यावर इस्पितळाच्या त्या जुन्या लिफ्टचं काम तुम्हालाच करायचं आहे, म्हणजे त्यांना तरी माझ्या परत येण्याची खात्री आहे. तेवढाच धीर आला.

आता आमच्या वरच्या मजल्यावरच्या जगप्रवाशांबद्दल लिहिलं पाहिजे. (हे आम्ही त्यांना आपसात म्हणतो. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणतो.) विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यानंतर एकदा मुलाकडे परदेशी जाऊन आले, तेव्हापासून त्यांच्या खांद्याला ती कमरेची पैशाची पिशवी आडवी असते, भाजी आणायला गेले तरी. तुझ्याकडे यायचं म्हटल्यावर मी त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलो. म्हणजे मी जिन्यात सहज म्हटलं आणि ते सल्ला द्यायला खाली आले, आणि ते अजून येतच आहेत.

त्यांचं मुख्य म्हणणं असं की तिकीट विकणाऱ्या कॉम्प्युटरला आपली गरज कळता कामा नये. आपण उतावीळ आहोत असं त्याला दिसलं की तो भाव चढवतो. म्हणून एकदम तुझ्या शहराचं नाव टाकायचं नाही. आधी दुसरीच शहरं विचारायची, नाक मुरडायचं, उठून जायचं, मग दुसऱ्या दिवशी आल्यासारखं करून सहज विचारायचं. मी ते इमानेइतबारे केलं. आठवडाभर मी कामावरून आलो की कॉम्प्युटरसमोर बसून जिथे आपलं कुणीही राहत नाही अशा गावांची चौकशी करत होतो. आज मला बर्फाळ देशांचे भाव तोंडपाठ आहेत. जायची इच्छा नसलेली माणसं कुठे कुठे किती स्वस्तात जाऊ शकतात, हे बघून वाईट वाटतं. तुझ्या शहराचं नाव टाकताना तर मी चेहराही निर्विकार ठेवत होतो. ही मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, त्या पडद्याला तोंड दिसत नाही तुमचं." मी म्हटलं, तुला काय माहीत, वर तो बारीक डोळा आहे. मग तिने त्या डोळ्यावर हातरुमाल टाकला. (भाव उतरला नाही.)

मध्यंतरी एका तिकीटवाल्या एजंटकडेही जाऊन आलो. टायरच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर त्याचं ऑफिस. खाली टायरमध्ये हवा भरली की वर त्याच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल आपोआप थोडा फिरतो. चांगला बोलका माणूस होता. पूर्वेला जायचं म्हटल्यावर त्याने आम्हाला पश्चिमेचं विमान सुचवलं. मी म्हटलं, साहेब, बहीण त्या बाजूला राहते. तो म्हणाला, "काका, सरळ जायला सगळ्यांनाच आवडतं, म्हणून तर ते महाग." त्याच्या हिशेबाने आधी उलट दिशेला जाऊन एका विमानतळावर बसून राहायचं, तिथून दुसरीकडे जाऊन पुन्हा बसून राहायचं, आणि मग तुझ्याकडे. मी गोलावर बोट फिरवून बघत होतो. बोट दमलं. तेवढं करूनही त्याचा आकडा ऐकल्यावर ही पाणी प्यायला उठली. आम्ही 'घरी विचारून सांगतो' म्हणून निघालो. घरी विचारायला आम्ही दोघेच असतो, आणि दोघेही तिथेच होतो, हे त्याला माहीत नव्हतं.

तिकीट शेवटी निघालं. ते कसं निघालं ते पुढे लिहितो. आधी सरावाचं सांगतो.

इतका वेळ एका जागी बसायचं तर त्याचा सराव हवा, असं मला वाटलं. जगप्रवासी काका म्हणाले, विमानातली खुर्ची म्हणजे माणसाची नव्हे, माणसाच्या फोटोची जागा. त्यांनी हाताने माप दाखवलं. मी त्या मापाने जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या भिंत आणि कपाट यांच्यामध्ये बसवल्या, समोर गुडघ्याला टेकेल असा इस्त्रीचा बोर्ड आडवा लावला, आणि रविवारी जेवण झाल्यावर आम्ही दोघे त्यात जाऊन बसलो. पट्टा हवा म्हणून माझ्या विजारीचे दोन पट्टे जोडून घेतले. ही पाच मिनिटांत मान टाकून झोपली. मी मात्र ताठ जागा. आधी पाठ, मग पोटरी, मग डाव्या पायाला जो गोळा आला तो जाईना. उठावं तर पट्टा हिच्या बाजूने अडकवलेला. उठवावं तर ती इतकी शांत झोपलेली की मन होईना. अशा अवस्थेत वीज मंडळाचा मीटर वाचणारा आला. दार उघडंच होतं. तो उंबऱ्यात उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. भर दुपारी दोन माणसं कपाटाला चिकटून, कमरेला पट्ट्याने बांधलेली, समोर इस्त्रीचा बोर्ड. मी हळू आवाजात म्हटलं, "बहिणीचं लग्न आहे." त्याने मान हलवली, मीटर वाचला आणि पावलांचा आवाज न करता निघून गेला. बिल यावेळी कमी आलं आहे. त्याला बहुतेक आमची दया आली असावी.

ही कशालाच घाबरत नाही, हे मला आता मान्य करावं लागेल. मी विमानाचं काहीही वाचून दाखवलं की ती 'हो का' म्हणते आणि मटार सोलत राहते. परवा मी तिला वादळात सापडलेल्या विमानाची बातमी वाचून दाखवली. सगळे सुखरूप उतरले होते, पण तरी. तर म्हणाली, "मग बघा, उतरले की नाही." अशा माणसाबरोबर राहून आपली काळजी आपल्यालाच दुप्पट करावी लागते, तिच्याही वाटणीची.

राहण्याची सोय आम्ही आमची बघितली आहे, त्याची चिंता करू नकोस. तुझी खोली ती केवढी, त्यात भाऊजींच्या बहिणी येणार, त्यांची मुलं येणार. आम्ही स्वस्तातलं एक लॉज पक्कं केलं आहे. बऱ्याच ठिकाणी चौकशी केली. एके ठिकाणी एका खोलीत आठ माणसं वरखाली झोपतात आणि त्याला ते 'मैत्रीपूर्ण वातावरण' म्हणतात. दुसरीकडे खोलीला खिडकी होती, पण फोटो मोठा करून बघितला तर ती दुसऱ्या खोलीत उघडत होती. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होतो, लिफ्ट आहे का, आणि असली तर शेवटची तपासणी कधी झाली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका मालकिणीने मात्र कळवलं की लिफ्ट आहे, पण ती दुपारी विश्रांती घेते. मला ती बाई प्रामाणिक वाटली. तिथेच खोली घेतली, पहिल्या मजल्यावर. येताना नट आवळायचे चार पाने घेऊन येतो, बघतो काय दुखतंय तिचं. (लिफ्टचं.)

पाने म्हटल्यावर आठवलं. त्या दिवशी व्हिडिओवर तू भाऊजींना माझ्यासमोर बसवून दार उघडायला गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस, तेव्हा आमचं काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची नाही. आम्ही आधी हसलो. मग पुन्हा हसलो. मग हसायचं संपलं. मला घाम फुटला. काहीतरी करायला हवं म्हणून मी बाजूला पडलेला माझा मोठा पाना उचलून दाखवला. ते उठून गेले. मला वाटलं, झालं, रागावले. तर ते आतून त्यांचा पाना घेऊन आले. बोटीच्या इंजिनाचा, माझ्याहून दुप्पट. मग मी हातोडी दाखवली, त्यांनी हातोडी दाखवली. मी बेअरिंग दाखवलं, ते त्यांनी कॅमेऱ्याजवळ आणायला लावून डोळे बारीक करून बघितलं आणि मान हलवली. खराब झालंय म्हणून. आणि खरोखरच ते खराब झालेलं होतं, मी काढूनच टाकलं होतं. शेवटी त्यांनी एक लहानसा स्क्रू ड्रायव्हर दाखवला, लाकडी मुठीचा, आणि छातीवर हात ठेवून काहीतरी सांगितलं. मला वाटतं त्यांच्या वडिलांचा असावा. मी मान खाली घालून नमस्कार केला. तू आलीस तेव्हा आम्ही दोघे गप्प बसलो होतो आणि तू विचारलंस, "काय रे, काहीच बोलला नाहीत?"

अक्का, मला माणूस आवडला. हे मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं. तूही विचारलं नव्हतंस, पण तुला विचारायचं होतं हे मला कळत होतं. आई गेल्यापासून आमच्या प्रत्येक गोष्टीला 'बरं झालं' म्हणणारी तू. मला नोकरी लागली तेव्हा, हिला पसंत केलं तेव्हा, तू म्हणालीस आणि मग मला ते खरं वाटलं. तुझ्या वेळेला तसं म्हणणारं घरात आता मीच उरलो आहे. तर मी म्हणतो, बरं झालं. फार बरं झालं. तिथे तुझ्या बाजूची सही माझीच असेल. गेले पंधरा दिवस घोटतो आहे. पूर्वी मी नुसती एक रेघ ओढून पुढे जायचो, आता पूर्ण नाव लिहितो, आडनावासकट, कुणी म्हणायला नको की नवरीच्या भावाने घाईत उरकलं.

बाकी विशेष काही नाही. प्रकृतीला जप. शिवणाच्या मशीनवर फार वेळ बसू नकोस. कारखान्यातल्या मुलींना म्हणावं, एक महिना बाईंशिवाय उसवून-शिवून बघा. हिचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तिकिटाचं लिहायचं राहिलं. ते मी बुधवारी दुपारी एकट्यानेच काढलं. ही बाहेर गेली होती. रुमाल डोळ्यावर होता, चेहरा निर्विकार होता आणि कॉम्प्युटरने अचानक असा भाव दाखवला की माझा विश्वास बसेना. दोन ठिकाणी बदलायचं, पण एक रात्र प्रवासात गेली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझ्याकडे. म्हणजे लग्न मंगळवारी सकाळी, आणि आम्ही सोमवारी संध्याकाळी हजर. शिवाय पोहोचायच्या वेळेच्या डोक्यावर अगदी बारीक अक्षरात 'अधिक दोन' असं लिहिलेलं होतं. मला वाटलं दोन बॅगा. मी मनात म्हटलं, एवढ्या पैशात बॅगासुद्धा नेऊ देतात, आणि बटण दाबलं. काल जगप्रवासी काकांना ते कौतुकाने दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं, "लग्न कधी म्हणालात?" ते अधिक दोन म्हणजे दोन बॅगा नव्हेत अक्का. ते दोन दिवस. निघाल्यापासून दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या दिवशी पोहोचायचं. मधल्या एका विमानतळावर आम्ही अख्खा एक दिवस नुसते बसून असणार आहोत. बॅगा मुळात नाहीतच, हातात मावेल तेवढंच न्यायचं. तिकीट बदलत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तर ते स्वस्त. थोडक्यात, तू मंगळवारी सकाळी सही करशील आणि मी मंगळवारी संध्याकाळी येईन.

ता. क. २. तेव्हा अक्का, लग्न एक दिवस पुढे ढकलता येईल का? बुधवारी सकाळी चालेल. मी विमानतळावरून सरळ कचेरीत येऊन पायरीवर बसायला तयार आहे. भाऊजींना काय सांगायचं ते तूच ठरव. माझ्यावर घाल. नाहीच जमलं, तर माझ्या सहीची जागा तेवढी रिकामी ठेवायला सांग. कुणा कारकुनाची सही तिथे नको. मी आल्यावर करीन, मागच्या तारखेची.

ता. क. ३. हिला यातलं काहीही सांगितलेलं नाही. तिला वाटतं सगळं व्यवस्थित आहे. ती इतकी निश्चिंत आहे की सांगवत नाही. तूही बोलू नकोस. पाकीट तिच्याच हाती कुरिअरला देतो आहे, पण मी ते घट्ट चिकटवलं आहे.

—

अक्का, नमस्कार. मी लिहिते आहे.

पाकीट घट्ट चिकटवलेलं होतं खरं, पण यांनी पाठवणाऱ्याच्या जागी तुमचा पत्ता लिहिला होता आणि घेणाऱ्याच्या जागी आपला. तसंच दिलं असतं तर पत्र उद्या आमच्याच घरी आलं असतं. म्हणून कुरिअरच्या दुकानात नवीन पाकीट घेऊन बसले आणि बदलता बदलता वाचलं. इथल्या मुलीने खुर्ची दिली आहे, तिचंच पेन आहे.

तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. तारीख ठरली त्याच दिवशी तुम्ही मला वेगळा फोन करून सांगितलंत, लग्न शनिवारी आहे, पण धाकट्याला मी मंगळवार सांगितला आहे, तू ते फोडू नकोस. मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं. आता मोठा माणूस झाला आहे, म्हटलं. मग आठवलं की यांच्या शाळेच्या सहलीची वेळसुद्धा तुम्ही यांना अलीकडची सांगायचात, आणि आमच्या लग्नाला हे सगळ्यांच्या आधी येऊन मांडवात एकटेच का बसले होते तेही तुमच्याकडूनच कळलं होतं. तीन दिवस हातात राहतात. लॉजची ती लिफ्टही दुरुस्त होईल.

यांचा फोन येईल. बुधवारचं विचारतील. तुम्ही नुसतं 'बघते' म्हणा. आत्ताच खरं सांगितलं तर हे उरलेले तीन दिवस कशात तरी घालवतील, आणि कशात ते मला सांगता येत नाही.

आणखी एक. हे लिहितात की मी कशालाच घाबरत नाही. अक्का, मला विमानाची यांच्यापेक्षा जास्त भीती वाटते. वरून काही धरलेलं नसतं हे यांनी सांगेपर्यंत मला सुचलंही नव्हतं, आणि आता दुसरं काही सुचत नाही. खुर्चीत मी झोपले नव्हते, डोळे मिटून बसले होते. मटार मी तीनदा सोललेत, एकदा तर सोललेलेच. यांना कळू देऊ नका. दोघांनी एकदम घाबरून कसं चालेल?

शनिवारचं मी यांना सांगणार आहे, पण इथे नाही. विमानात बसू, पट्टा लावू, ते धावायला लागेल आणि चाकं जमिनीवरून उचलली जातील, तेव्हा यांच्या कानात सांगीन. त्या वेळी आम्हा दोघांनाही काहीतरी चांगलं ऐकायची गरज असेल.

तुमची,
भावजय